तिसरा सिलिंडर आणि उंदराची शेपटी

माझे वडील पेणजवळच्या जोह्याला गणपती करतात. ‘घडवतात’, ‘साकारतात’ हे शब्द आमच्याकडे फक्त भाषणात येतात. भाकरी करावी तसे गणपती करतात आणि तितक्याच सवयीने करतात. मी लग्न होऊन रोह्याला आले तेव्हापासून आमच्या घरचा गणपती माहेरून येतो. वडील मात्र कधी आले नाहीत. दिवाळीला आले, बारशाला आले, पण गणपतीत नाही. कारखानेवाल्याला गणपतीत कुठे जाता येत नाही हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यावरून रागावले, पुढच्या वर्षी रडले आणि मग विचारायचंच सोडून दिलं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात गिऱ्हाईक असे. शेवटची मूर्ती पाटावरून हलली की ते तसेच मातीच्या हातांनी आडवे व्हायचे आणि मग गावातले गणपती बसले काय नि उठले काय, त्यांना पत्ता नसे.

पुढे त्यांचा हात कापायला लागला. आमच्याकडे आखणी त्यांची असायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. एक दिवस भुवईची रेघ ओढताना ब्रश हलला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्या भावाच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कारखाना भाऊ बघतच होता. वडील रिकामे झाले आणि रिकामा माणूस जे करतो तेच करू लागले, म्हणजे सगळ्यांच्या चुका काढू लागले. त्याच पावसाळ्यात मी माहेरी गेले होते, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की यंदा एकच गणपती करीन. तो पोरीकडचा, शाडूचा, डोळ्यांसकट सगळा माझ्या हातचा. आणि मांडीवर घेऊन मी स्वतः रोह्याला येईन.

ऐकून मी चहा करायला म्हणून आत गेले आणि चहात साखर घालायची विसरले, इतका मला आनंद झाला. बाहेर येऊन कप पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

“पण तुझ्या गाडीतून नाय.”

आता गाडीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि तिच्यातून मी रोह्यातल्या शाळेच्या मुलांची ने-आण करत असे. ह्या व्हॅनचं इंजिन नाकाडात नसतं, पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे चालवणारी इंजिनावरच बसलेली असते आणि त्याच्या तब्येतीची बातमी तिला सगळ्यात आधी कळते. हायवेला गॅसचा पंप झाला तशी मी पेणच्या एका मेकॅनिककडून गाडीला गॅसचं किट बसवून घेतलं. हा मेकॅनिक खाडीकडच्या गावातला, हाताने हुशार आणि तोंडाने त्याहून हुशार. किट बसवताना त्याने मला आणि गॅरेजात बसलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना मिळून एक व्याख्यान दिलं. इंजिनात चार सिलिंडर असतात, म्हणजे चार जणांची पंगत समजा. जुन्या पद्धतीच्या किटात गॅस एकाच तोंडातून आत सोडतात, मग जवळ बसलेला जास्त ओढतो आणि टोकाचा उपाशी राहतो. आपल्या किटात तसं नाही. इथे प्रत्येकाला स्वतंत्र वाढपी, स्वतंत्र नळी. ज्याची पाळी आली त्याच्याच पानात वाढायचं, चौघांना अगदी सारखं. “माझ्या पंगतीतून कोण उपाशी उठायचा नाय,” असं म्हणून त्याने सीट खाली पाडली.

पंगतीतून कोणीतरी पहिल्याच दिवशी उपाशी उठलं. गाडी उभी असताना हिवताप भरल्यासारखी थडथडायची आणि दुसऱ्या गिअरला चढ लागला की मध्येच आचका द्यायची. इंजिनाचा आवाज तीन ठोके आणि एक रिकामी जागा असा यायचा. शाळेची मुलं हुशार. त्यांनी त्या रिकाम्या जागेत टाळी बसवली. मी सिग्नलला नाही तरी रेल्वेच्या फाटकाला थांबले की मागून सगळे मिळून बरोब्बर त्या जागेवर टाळी वाजवायचे आणि फाटकाजवळचे लोक कौतुकाने बघायचे. मला मुलांचा राग येत नसे. मेकॅनिकचा येई, आणि तो पेणला असल्यामुळे मुलांवर निघे.

पेट्रोलवर का नाही चालवली, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तशी सोय होती, एक बटण होतं. पण मी गॅसच्या भरवशावर पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली आणि टाकीतला पेट्रोलचा पंप जळून गेला. त्यानंतर ते बटण दाबलं की गाडी जागेवर बंद पडायची. त्यामुळे गाडी गॅसवरच सुरू व्हायची, गॅसवरच चालायची आणि गॅसवरच आचके द्यायची.

ह्या आचक्यांनी आदल्या वर्षीचा आमचा गणपती मोडला होता. भिसे खिंड चढताना गाडीने असा हिसका दिला की सासूबाईंच्या मांडीवरच्या मूर्तीची मोदकाच्या हाताची बोटं तुटून त्यांच्या पदरात पडली. खंडित मूर्ती कशी बसवणार? रडत गाडी वळवली आणि परत जोह्याला गेले. वडिलांनी तुटलेली बोटं तळहातावर घेऊन बघितली, फळीवरची दुसरी मूर्ती उतरवून दिली आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून यंदा ही अट. मी वाद घातला. म्हटलं, बाबा, हायवेला एवढे खड्डे आहेत, त्यांचं काय? त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. खड्डा बाहेर असतो, तो दिसतो. मांडीवर मूर्ती घेतलेला माणूस खड्डा बघून अंग सैल सोडतो, मूर्तीला काही होत नाही. आचका आतून येतो, सांगून येत नाही. मी म्हटलं, मग भावाचा टेम्पो? तो पुण्याला माल घेऊन जाणार होता. भाड्याची गाडी त्यांनी सुचवली आणि ती मी उडवून लावली. माझी स्वतःची गाडी दारात असताना माझा बाप भाड्याच्या गाडीतून माझ्या घरी येणार नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. हट्टीपणा आमच्या घरात वडिलांकडून पोरीकडे सरळ आलेला आहे, भावाच्या वाट्याला काहीच आलं नाही.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “कापणारा हात मी घरात बसवला,” ते म्हणाले, “तू कापणारी गाडी दारात कशाला आणतेस?”

  माझा चेहरा बघून त्यांनाच काहीतरी वाटलं असावं, कारण ते उठले, आत गेले आणि वाळत ठेवलेल्या उंदरांमधला एक उंदीर घेऊन आले. गणपतीच्या पायाशी बसतो तो उंदीर, शाडूचा, न रंगवलेला, वेताच्या काडीसारखी बारीक शेपटी उचलून बसलेला. तो त्यांनी ताटलीत ठेवून माझ्या हातात दिला. हा घेऊन पेणच्या पुढे वडखळपर्यंत जाऊन यायचं. शेपटी शाबूत राहिली तर मी तुझ्या गाडीत बसेन, नाहीतर गणपती भाड्याच्या गाडीतून जाईल आणि मी आपला ओट्यावर बरा.

ह्या कामाला सासूबाई आपणहून तयार झाल्या. त्या पेणच्या खाडीकडच्या, मिठागरावर वाढलेल्या, आणि पेणच्या दिशेने जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसायला त्या तयारच असतात. येताना पोह्याचे पापड घेता येतात हे एक, आणि वाटेत चार ओळखीचे भेटतात हे दुसरं. दर रविवारी आम्ही रोह्याहून निघायचो, जोह्याला जाऊन उंदीर घ्यायचो, सासूबाई ताटली मांडीवर घेऊन मागे बसायच्या आणि मी श्वास रोखून गाडी चालवायचे.

पहिल्या उंदराची शेपटी हमरापूरचा फाटा यायच्या आत गेली. दुसऱ्याची पेणच्या बाजारात गेली. एकाची शेपटी वडखळपर्यंत टिकली, मी आनंदाने गाडी वळवली आणि वळताना आचका बसून उंदीरच ताटलीतून उतरला. दर वेळी आम्ही बिनशेपटीचा उंदीर घेऊन कारखान्यात हजर व्हायचो, वडील त्याच्याकडे बघायचे, भिजत घातलेल्या मातीच्या टबात टाकायचे आणि फळीवरचा दुसरा काढून द्यायचे. शाडूचं हे एक बरं असतं, भिजवला की पुन्हा कामाला येतो. भावाने एकदा चिडून विचारलं की गिऱ्हाइकांना उंदीर कमी पडले तर मी काय तुझ्या सासूबाईंना बसवू. सासूबाईंनी ते ऐकलं आणि परतीच्या वाटेवर पापड घ्यायला मला थांबू दिलं नाही.

दुसऱ्या बाजूला माझं आणि मेकॅनिकचं युद्ध चालू होतं. त्याने आधी गॅसला दोष दिला. पंपावर गॅसचा दाब कमी असतो म्हणाला. मग प्लग बदलले. मग हवेची जाळी साफ केली. मग रस्त्याला दोष दिला. दोष द्यायला काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला की वहिनी, राग मानू नका, पण बायकांचा पाय क्लचवर जरा जड पडतो. मी राग मानला. मी त्याला म्हटलं की माझा पाय कुठे जड पडतो ते दाखवायची माझी तयारी आहे. त्या दिवशी त्याने पुन्हा सगळं उघडून बघतो असं कबूल केलं आणि नारळी पौर्णिमेच्या सुट्टीत गाडी त्याच्याकडे ठेवायची असं ठरलं.

गाडी पेणला सोडून मी एसटीने परत आले आणि मोबाईल घरी ठेवून बाजारात नारळ आणायला गेले. नेमका तेव्हा मेकॅनिकचा फोन आला. तो सासूबाईंनी घेतला. मेकॅनिकने नाव-गाव काही सांगितलं नाही. घाईत एवढंच म्हणाला की तिसऱ्या सिलिंडरला गॅस पोचत नाय, बाकी सगळीकडे बरोबर जातोय, वहिनींना सांगा. आणि फोन ठेवला.

आमच्या घरात सिलिंडर दोन. एक शेगडीला लावलेला आणि एक ओट्याखाली भरून ठेवलेला. सासूबाईंनी दोन्ही बघितले. मग त्यांनी बसून विचार केला. घरात दोन सिलिंडर असताना तिसऱ्याला गॅस पोचत नाही म्हणून कोणाचा फोन येतो, ह्याचा अर्थ तिसरा सिलिंडर दुसऱ्या कुठल्या तरी शेगडीला लावलेला आहे. ती शेगडी दुसऱ्या कुठल्या तरी घरात आहे. आणि ते घर चालवणारा कोण, तर ज्याच्या नावावर गॅसचं कार्ड आहे तो, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा. धाटावच्या कंपनीत असल्यामुळे त्याच्या शिफ्ट बदलत असत आणि तो कधी येतो कधी जातो हे सासूबाईंना कधीच उमगलेलं नव्हतं. आता सगळं जुळलं.

तो पहिली शिफ्ट करून दुपारी जेवायला आला. त्यांनी पान वाढलं. भात वाढला, वरण वाढलं, भाजी वाढली आणि मीठ वाढलं नाही. मिठागरावर वाढलेली बाई जेव्हा पानात मीठ वाढत नाही तेव्हा काहीतरी भयंकर बिनसलेलं असतं, एवढं आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तो घाबरून गप जेवायला लागला.

“तिसरा सिलिंडर कुठं ठेवलास?” सासूबाईंनी विचारलं.

त्याने विचारलं, कसला तिसरा. त्या म्हणाल्या, मला शिकवू नको, तिथं गॅस पोचत नाय म्हणून माणसाचा फोन आलेला. आता माझा नवरा केमिकलच्या कंपनीत काम करणारा माणूस. ‘गॅस’ आणि ‘पोचत नाही’ हे शब्द एकत्र ऐकले की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे गळती. तो उष्ट्या हाताने उठला, खिडक्या उघडल्या, सिलिंडरचं बटण बंद केलं, देव्हाऱ्यातलं निरांजन फुंकून विझवलं आणि आईला हाताला धरून अंगणात नेऊ लागला. पोराने पाप लपवायला देवापुढचा दिवा विझवला, एवढंच सासूबाईंना दिसलं. मी नारळ घेऊन आले तेव्हा दोघं अंगणात उभे होते, एकमेकांचं एक अक्षर ऐकत नव्हते आणि शेजारच्या दारात गर्दी जमली होती.

त्यांना समजवायला मला संध्याकाळ लागली. इंजिनातसुद्धा सिलिंडर असतो हे सासूबाईंना खरं वाटेना. मी म्हटलं, नुसता असतो नाही, चार असतात. चार म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. घरात माणसं चार, शेगडी एक आणि सिलिंडर दोन, मग एका गाडीला चार सिलिंडर कशाला? नवरा समजावायला गेला तर त्यांनी त्याला हाताने गप्प केलं. मला म्हणाल्या, “तू सांगतेस ते खरं असंल गो. पण मला डोळ्यांनी दाखव.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन पेणला गेले. त्यांनी मेकॅनिकला त्यांच्या खाडीकडच्या बोलीत आधी गाव विचारलं, मग आईचं माहेर विचारलं, त्यातून काहीतरी लांबचं नातं निघालं, आणि मग त्यांनी फर्मावलं की सिलिंडर दाखव. त्याने आनंदाने सीट उचलली. व्याख्यान द्यायला त्याला असं गिऱ्हाईक रोज मिळत नसे. पुन्हा पंगत आली, वाढपी आले. हा पहिला सिलिंडर, ही त्याची गॅसची नळी. हा दुसरा, ही त्याची. सासूबाई प्रत्येक नळीवर त्याचं बोट कुठून निघतं आणि कुठे पोचतं ते वाकून बघत होत्या, कारण ज्या तिसऱ्यावरून रात्रभर त्यांना झोप नव्हती तो खरोखर तिथे आहे की नाही ह्याची त्यांना खात्री करायची होती.

“आणि तिसरा?” त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने तिसऱ्या नळीवर बोट ठेवलं. बोट निघालं, बॅटरीच्या मागे गेलं, तिथून परत आलं, मग एका वेटोळ्यात शिरलं, वेटोळ्यातून गोल फिरलं, पुन्हा गोल फिरलं, सुतळीच्या गाठीपाशी अडखळलं आणि मग कुठे सिलिंडरला पोचलं. बाकीच्या तिन्ही नळ्या वीतभर होत्या. ही एकटी देवळाला प्रदक्षिणा घालून येत होती. त्याने बोट उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवलं आणि त्याच वाटेने परत फिरवलं. ह्या वेळी व्याख्यान नव्हतं.

मग त्याने सांगितलं ते असं. किटाबरोबर एक लांब पाईप आला होता. त्यातून त्याने तीन तुकडे कापले. उरलेला तुकडा चांगला लांब होता, नवा होता. तोही कापून वीतभर लावायचा होता खरा, पण चांगला पाईप कापून टाकायला त्याचा जीव होईना. उद्या कुणाला लागला तर? म्हणून त्याने तो तसाच अख्खा लावला आणि जास्तीचा गुंडाळून सुतळीने बांधून ठेवला, पुढेमागे कामाला येईल म्हणून. आमच्याकडे नवी दोरी कोणी कापत नाही, ताडपत्री कोणी कापत नाही, आमच्या सासूबाई विजेची वायरसुद्धा कापू देत नाहीत. त्यामुळे त्या वेटोळ्याकडे कितीदा बघूनही त्याला ते चुकलेलं वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. मी तर मनात म्हटलं होतं की माणूस टापटिपीचा आहे.

“ह्याचा घास तोंडाशी येतो तोवर पंगत उठते,” तो हळूच म्हणाला. तिसऱ्याची पाळी येई तेव्हा त्याचा गॅस अजून वेटोळ्यातच फिरत असे, आणि पोचे तेव्हा पाळी गेलेली असे.

सासूबाईंना एवढं ऐकून सगळं स्वच्छ कळलं. मासळीचे चार वाटे घातले आणि एका वाट्यात म्हावरं कमी, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती आली तिचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. त्यांचा मुलगा सुटला होता. त्यांनी तिथूनच माझ्याकडून त्याला फोन लावून घेतला आणि जेवलास का म्हणून विचारलं.

पण पाईप कापायचा कोणी? मेकॅनिकने ब्लेड घेतलं, पाईप मापला, खूण केली, ब्लेड टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. शेवटी ब्लेड माझ्यापुढे धरून म्हणाला, वहिनी, तुमच्या हातानं कापा. मी एका झटक्यात कापला. रागाचा असा उपयोग आयुष्यात फार थोड्या वेळा होतो. उरलेला लांब तुकडा त्याने पुसून, गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि मग त्याला बरं वाटलं. चारी नळ्या सारख्या झाल्या. त्याने गाडी चालू केली आणि आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो. ठोके चार पडत होते. रिकामी जागा नव्हती.

“गाडी कापत होती ती पाईप कापला नाय म्हणून,” मेकॅनिक म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की नंतर वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ऐकवत राहिला. त्याच्या सांगण्यात चूक कोणाची हे मात्र कधी येत नसे.

त्या रविवारी उंदीर वडखळला जाऊन परत आला. वडिलांनी तो उजेडाकडे धरला, शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे संशयाने बघत विचारलं की गाडीतच ठेवलेला ना, का कुणाच्या ओट्यावर ठेवून परत आणलास. मला बोलू न देता सासूबाईंनी गळ्याशी हात नेऊन शपथ घेतली. शाळेच्या मुलांची तेवढी निराशा झाली. टाळी कुठे वाजवायची हेच त्यांना कळेना.

तृतीयेच्या दुपारी मी आणि सासूबाई वडिलांना न्यायला गेलो. मूर्ती तयार होती. डोळे त्यांनीच काढले होते, भाऊ म्हणाला. उजवं मनगट डाव्या हाताने धरून, एकेका रेघेला श्वास घेत. कितीतरी दिवस लागले. रेघ कुठेही हललेली नव्हती. मी बघत होते तर त्यांनी पटकन रुमालाने मूर्तीचं तोंड झाकलं, बसवल्यावर बघ म्हणाले. त्यांच्या अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, आणि कानामागे उगीच लावलेलं अत्तर. ते मागच्या सीटवर बसले, आम्ही मूर्ती त्यांच्या मांडीवर दिली आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. हात कापत होते. आरशात मला ते दिसत होतं आणि मी आरशात बघायचं टाळत होते.

पेण सुटेपर्यंत ते मला गाडी कशी चालवायची हे सांगत होते. वडखळच्या आधी खड्डे लागले तसे ते ‘आता डावीकडे, आता हळू’ म्हणू लागले. नागोठण्यानंतर आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं रागावले. भिसे खिंडीचा चढ लागला, मी दुसरा गिअर टाकला आणि जिथे गेल्या वर्षी बोटं तुटली होती तिथे इंजिनाकडे कान लावला. गाडी एका लयीत वर चढून गेली. मग मागून घोरण्याचा आवाज आला. आरशात बघितलं तर वडिलांची मान मूर्तीच्या मुकुटाशी कलंडली होती आणि शेजारी बसलेल्या सासूबाई एका हाताने मूर्ती आणि दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं सावरत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, की चालव तू.

आमच्या दारात गाडी थांबवली. नवरा ताम्हनात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. दाराला तोरण होतं, ओसरीत मखराचे दिवे लागले होते. तो पुढे आला तशी मी त्याला हाताने थांबवलं. किल्लीला हात गेला आणि मी तो मागे घेतला. इंजिन थांबलं असतं तर ते जागे झाले असते. इतकी वर्षं ह्या दिवसांत हा माणूस मातीच्या हातांनी आपल्याच कारखान्यात पडलेला असे, आणि आज माझ्या गाडीत, माझ्या दारात झोपला होता. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

“गॅस जळतोय गो,” सासूबाई कुजबुजल्या.

“जळू दे,” मी म्हणाले.

नवरा तसाच उभा राहिला. गल्लीतली दोन-चार माणसं येऊन बघून गेली. ताम्हनातला भाकरतुकडा सुकला असेल. शेवटी समोरून कोणाचा तरी कुत्रा भुंकला आणि वडिलांनी डोळे उघडले. आधी त्यांनी रुमालाखाली हात घालून मूर्तीची बोटं चाचपली, सगळी होती. मग इंजिनाचा आवाज ऐकला आणि चिडून म्हणाले की अजून निघालो नाय काय, अंधार व्हायच्या आत पोचायचं हाय ना.  मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तोरण, दिवे, ताम्हन घेऊन उभा असलेला जावई. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“गणपतीत असं दिसतं काय गो तुझं घर?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि मग गाडी बंद केली.